हजर होते म्हणून हजर लिहिले

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे चेअरमन दादासाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले कार्यकारी संचालकसाहेब आणि लेबर ऑफिसरसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, टाइम ऑफिसचे सहादू चिमाजी गांगुर्डे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अण्णा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत अर्ध्याच बसलेल्या सरूवहिनी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी बदलून आलेले त्यांचे चिरंजीव. आणि गळीत बंद असताना, पगाराची तारीख नसताना, निव्वळ अण्णांसाठी सायखेडा-चांदोरीपासून सायकली मारत आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

अण्णांविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. परंतु त्याआधी एक गंभीर तक्रार सभेपुढे मांडणं मी माझं कर्तव्य समजतो. आत्ता आपण सर्वांनी जो चहा प्राशन केला, त्यात साखर नव्हती. सभागृहाच्या भिंतीपलीकडे गोदाम आहे. गोदामात साखरेची पोती छताला टेकली आहेत. आणि भिंतीच्या अलीकडे साखर कारखान्याचा पत्रव्यवहार कारकून निरोपाचा चहा फिका पितो! हा प्रसंग इतिहासात कोणत्या रीतीनं नोंदवला जाईल?

(झिपरू, तू तिथून काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल. "गोडाऊनला सील हाय भाऊसाहेब, आन् कँटीनचं रेशन संपलं." बरं. कँटीनप्रमुखांचा खुलासा प्राप्त झाला. तक्रार दप्तरी दाखल.)

आता अण्णांकडे वळतो. खरं सांगायचं तर अण्णांकडे वळायचं टाळण्यासाठीच मी चहात इतका वेळ घालवला.

मला आपण सगळे भाऊसाहेब म्हणता. माझं आडनाव गायधनी. पंचवटीतल्या पाठशाळेत नऊ वर्षं संस्कृत शिकून मी त्रेसष्ट साली इथं चिकटलो. देवः देवौ देवाः म्हणणाऱ्या माणसाचा साखरेशी काय संबंध, असं तेव्हाच्या मॅनेजरांनी विचारलं होतं. मी म्हणालो, पत्रं लिहीन. तेव्हापासून या कारखान्यातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातचं आहे. संचालक मंडळं तीन बदलली, ठरावांची भाषा बदलली नाही, याचं कारण दादासाहेबांना ठाऊक आहे. अण्णा माझ्या आधी एक वर्ष लागले. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यांच्याकडे हजेरी आणि पगारपत्रक, माझ्याकडे पत्रं. पहिली काही वर्षं त्या दोन खुर्च्यांमध्ये हातभर जास्तीचं अंतर होतं. ते कुणी ठेवलं होतं, हे या सभेत सांगावं लागू नये. मीच. पुढं केव्हातरी अण्णांच्या डोळ्यांना चष्मा लागला आणि यादी दोघांना एकदम दिसेना, म्हणून मी माझी खुर्ची सरकवली. अण्णांनी वर पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "सावकाश. एक पाय डुगडुगतोय तिचा."

आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, साखर कारखाना म्हणजे धूर, भोंगा, उसाच्या गाड्या. ते सहा महिन्यांचं. उरलेल्या दिवसांत इथं कसं असतं, ते आपण जाणता. रोलर उघडून पडलेले असतात, ऊस जिथून आत जातो त्या गव्हाणीत कबुतरं बसतात, दुरुस्तीवाल्यांचा एखादा घण वाजतो आणि थांबतो. हंगामी माणूस आपापल्या गावी असतो. आणि त्या शांततेत, आषाढ ते भाद्रपद, टाइम ऑफिसात आम्ही दोघं मागल्या हंगामाचं पगारपत्रक उघडून बसायचो. सहाशेबारा नावं. पुढल्या हंगामाला कुणाला बोलवायचं, कुणाचं नाव कमी करायचं, ते त्या खोलीत ठरायचं. निदान लेबर ऑफिसरसाहेबांची सही होईपर्यंत तरी तिथंच ठरायचं.

ते काम कसं चालायचं, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. अण्णा नाव वाचायचे. "काळू भिका. गव्हाण." मी विचारायचो, "पाहिला?" अण्णा म्हणायचे, "पाहिला. डाव्या हाताचं बोट बरं झालंय. येतो म्हणाला." मी खूण करायचो. "मोतीराम सखाराम. बॉयलर." "पाहिला?" "पाहिला. दम लागतो त्याला. बॉयलरवर नको, गेटवर घ्या." अण्णा सुट्टीच्या दिवशी हर्क्युलस सायकल काढून या माणसांच्या घरी जायचे. जो वारला असेल त्याच्याही घरी जायचे, ओट्यावर बसायचे, काळा चहा घ्यायचे, मुलगा कामाला येतो का विचारायचे, आणि मग परत येऊन लाल पेन्सिलीनं त्या नावावर काट मारायचे. एकच रेघ, तीही बारीक. मी एकदा विचारलं, अण्णा, जरा ठसठशीत मारा की. म्हणाले, "खालचं नाव वाचता आलं पाहिजे, भाऊसाहेब. माणूस काम करून गेलाय इथं."

पाहिल्याशिवाय काट मारायची नाही, हा त्यांचा नियम. स्टँडिंग ऑर्डरमध्ये तो नाही. मी शोधला आहे.

यादी पक्की झाली की माझं काम सुरू. सहाशे पत्रं: अमुक तारखेस कामावर रुजू व्हावे. ही पत्रं गुलाबी लिफाफ्यातून जातात, आणि त्याचं कारण फारसं भारदस्त नाही. पहिल्या वर्षी नाशकात मेन रोडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचे वीस हजार गुलाबी लिफाफे पडून राहिले होते. आपल्या तेव्हाच्या स्टोअरकीपरांनी ते पडेल भावात उचलले. झालं असं, की गावोगाव लोकांना वाटलं, कारखान्याचं आमंत्रण आलं. कुणी लिफाफ्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला, कुणी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे. त्या वर्षी एकानं घाईनं लिफाफा फाडला, आतलं पत्रही फाडलं आणि गेटवर रडत उभा राहिला. अण्णा त्याला म्हणाले, "फोडत जाऊ नका रे. तसाच आणा माझ्याकडं, मी फोडतो." बोलून गेले. पण माणसं अण्णांचं ऐकतात. तेव्हापासून बॉयलर पेटवायच्या दिवशी गेटवर रांग लागते, हातात न फोडलेला गुलाबी लिफाफा, आणि अण्णा एकेक फोडून, नाव वाचून, हजेरी मांडतात. वाचता येणारी माणसंसुद्धा फोडत नाहीत. त्यात एक मान आहे म्हणतात.

इथवर मी आपल्याला हसवत आणलं. आता माझा आवाज नीट राहिला नाही, तर माइकला दोष द्या.

एकोणऐंशी साल आपल्याला आठवत असेल. पाऊस कमी, ऊस कमी. बेचाळीस हंगामी माणसं कमी करावीत, असा ठराव झाला. तो योग्य होता की अयोग्य, हे सांगायचा मला अधिकार नाही. त्याचा मसुदा माझा होता. कुठली बेचाळीस, तेही ठरून आलं होतं, सर्वांत शेवटी लागलेली. नोटीस मुदतीत गेली पाहिजे, म्हणून आठ दिवस हातात. अण्णा माझ्याकडे आले. मी तारखेनिशी सांगू शकतो, पण तारीख सांगून काय होणार?

अण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, साहेबांकडून पंधरा दिवस मागून घ्या. तुमचा शब्द ऐकतात ते. बेचाळीस घरं आहेत, मी जाऊन तोंडानं सांगतो."

मी म्हणालो, "अण्णा, मग पत्र कशाला असतं? असं स्वच्छ लिहितो की शंकेला जागा राहणार नाही."

"ते वाचणार कोण?"

"टपालानं जाईल. पोचपावती येईल. कायद्यानं तेवढं पुरे."

मग म्हणाले, "निदान लिफाफा तरी दुसरा वापरा."

आणि मी हसलो. मी म्हणालो, बिगर हंगामात स्टोअर बंद असतं, पांढरे लिफाफे दसऱ्याआधी मिळायचे नाहीत, आणि अण्णा, लिफाफ्याच्या रंगानं काय अर्थ बदलतो? नऊ वर्षं शब्दांचे अर्थ घोकलेल्या माणसाला असा प्रश्न पडावा, याला काय म्हणावं! मी पंधरा दिवस मागितले नाहीत. साहेब नाही म्हणाले असते म्हणून नव्हे. मला माझ्या पत्राची खात्री होती म्हणून.

बॉयलर पेटवायचा दिवस आला. सकाळी साडेसातला गेटवर रांग. टाइम ऑफिसच्या खिडकीतून अण्णा रांगेकडे पाहत होते आणि बोटानं काहीतरी मोजत होते. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "भाऊसाहेब, या. तुमची पत्रं आलीत."

बेचाळीसांपैकी तेवीस जणांनी घरी लिफाफा फोडला असावा, ते आले नव्हते. एकोणीस आले होते. स्वच्छ धुतलेले कपडे घालून. त्यातला पहिला गोटीराम झुंबर. सेंट्रिफ्यूगलवर, म्हणजे मळीतून साखर वेगळी करणाऱ्या यंत्रावर, दोन हंगाम केलेला, सायखेड्याच्या पुढं नदीकाठाला राहणारा. उंच माणूस होता, त्यामुळे नेहमी थोडा वाकून उभा राहायचा. मागं त्याची बायको नवसाबाई, डोक्यावर भाकरीचं गठुडं. पाळी लगेच लागली तर दुपारची सोय असावी म्हणून. लिफाफ्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट होतं.

अण्णांनी तो घेतला, फोडला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. मला ते आजही पाठ आहे. "सन १९७९-८० च्या गळीत हंगामाकरिता आपणांस कामावर बोलावणे व्यवस्थापनास शक्य होत नाही, हे अत्यंत खेदपूर्वक कळविण्यात येत आहे." शंकेला जागा न राहणारं वाक्य. गोटीराम प्रत्येक शब्दाला मान डोलवत होता. वाचून संपल्यावर त्यानं टोपी नीट केली आणि मला विचारलं, "मंग कोंच्या पाळीला येऊ, भाऊसाहेब?"

चिमूटभर तरी मराठी त्या वेळी मला यायला हवी होती.

नवसाबाईला आधी कळलं. ती मागून हळूच म्हणाली, "आवो, नाय म्हनत्यात ते."

"नाय कसं?" गोटीराम तिच्यावरच चिडला. "लिफाफा हाय ना! तूच कुकू लावलं ना त्याला?"

सभाजनहो, त्यानंतर अण्णांनी जे केलं, त्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. आणि आज इथं त्यांना जी शाल मिळाली, ती माझ्या मते त्याचीच, सात वर्षं उशिरा. त्यांनी हजेरीपट उघडला. खुर्चीवर बसले नाहीत, उभे राहिले. नाव वाचलं. "गोटीराम झुंबर." तो म्हणाला, "हजर." अण्णांनी शाईनं मांडलं. मग पुढचा. एकोणीस नावं, एकोणीस वेळा हजर. मग अण्णा गेटबाहेर गेले, त्या सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि तोंडानं सांगितलं. काय सांगितलं, ते मला माहीत नाही. मी खिडकीत होतो. माणसं उठायला बराच वेळ लागला. गोटीराम सगळ्यांत शेवटी उठला आणि जाताना अण्णांच्या पाया पडायला वाकला. अण्णांनी त्याला मध्येच धरलं. नवसाबाईनं ते गठुडं पुन्हा डोक्यावर घेतलं.

कमी केलेल्या माणसांची हजेरी मांडली, म्हणून तिसऱ्या दिवशी अण्णांना मेमो गेला. "आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा." उत्तम भाषा होती. माझीच. मी तो लिहिला, टाइप केला, आणि त्याच टेबलावरून, हात लांब करून, पलीकडे सरकवला. अण्णांनी जावक वहीत सही केली. त्यांचा खुलासा मी फायलीला लावला, आजही तो तिथं आहे. एकच ओळ.

"ते हजर होते म्हणून हजर लिहिले."

तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर आलेलं इतकं शुद्ध वाक्य दुसरं नाही. एक वर्षाची वेतनवाढ थांबली. त्या काळात मी साहेबांपुढे जाऊन म्हणू शकलो असतो की लिफाफ्याचं अण्णांनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणालो नाही. आज म्हणतो. सरूवहिनी, त्या वर्षी तुमच्या घरी काय काय अडलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही मात्र दर वर्षी चैत्रात न चुकता माझ्यासाठी डब्यातून कैरीची डाळ धाडलीत.

मी एकदाच अण्णांजवळ विषय काढला. वाटलं होतं, चार शब्द बोलतील, माझं ओझं हलकं होईल. तर म्हणाले, "तुमचं एकट्याचं कसं? फोडू नका म्हणायची सवय मीच लावली." आणि पुढचं नाव वाचलं.

त्या एकोणिसांतले अकरा पुढं दोन-तीन हंगामांत परत लागले. काही आज इथं बसले आहेत, मी त्यांच्याकडे पाहत नाही. काही दुसरीकडे गेले, अण्णांना त्यांचे पत्ते पाठ आहेत. गोटीराम सापडला नाही. पुढच्या पावसाळ्यात अण्णा त्याच्या घरी गेले, तर दाराला बाभळीची काटी लावलेली. शेजारची आक्काबाई म्हणाली, "गुजरातकडं गेली दोघं, वीटभट्टीवर. कुठं ते नाय सांगितलं." त्याच्या पुढल्या वर्षी काटीही नव्हती. अण्णा मात्र जात राहिले. आणि दर आषाढात, पगारपत्रक उघडलं की पहिलं नाव तेच. "गोटीराम झुंबर." मी विचारायचो, "पाहिला?" अण्णा म्हणायचे, "नाही." म्हणून त्या नावावर अजून काट नाही. लेबर ऑफिसरसाहेब, दर वर्षी आपल्या यादीत एक नाव जास्त का भरतं, असं आपण विचारत होतात. हे ते नाव. यंदाही आम्ही त्यानंच सुरुवात केली. यंदाही नाही.

आता आजच्याबद्दल. यंदा पुन्हा पाऊस रुसलेला आहे आणि पुन्हा एक ठराव झाला आहे. साठ नावं. मसुदा कोणाचा, ते विचारू नका. अण्णांनी त्यातली त्रेचाळीस घरं पाहून घेतली. पायाला सूज असताना, रजेचे दिवस टाकून. कुणाकुणाला काय सांगितलं, ते आल्यावर मला सांगितलं, मी टिपून घेतलं. सतरा राहिली. आणि आज तारीख एकतीस ऑगस्ट. उद्यापासून अण्णा एकलहऱ्याला मुलाच्या क्वार्टरमध्ये असतील, आणि माझ्यासमोरची खुर्ची रिकामी. काल संध्याकाळी दप्तर आवरताना त्यांनी ती लाल पेन्सिल माझ्या बाजूला ठेवली. मी म्हटलं, अण्णा, हे काय? "तुमच्याकडं राहू द्या," म्हणाले. "आता नाव तुम्हीच वाचा आणि पाहिलं का तेही तुम्हीच विचारा." मी गमतीनं म्हणालो, मला सायकल येत नाही. म्हणाले, "बस जाते की सायखेड्याला."

दादासाहेब, निरोपाच्या सभेत मागणं मागू नये, हा शिष्टाचार मला माहीत आहे. पण एकोणऐंशीत एका माणसानं मला एक मागणं करायला सांगितलं होतं, ते मी केलं नाही. ते आज करतो. मला पंधरा दिवस द्या. सतरा घरं आहेत. पत्रं त्यानंतर जातील, आणि पांढऱ्या लिफाफ्यातून जातील. बंद स्टोअर उघडायला लावून मी पाचशे आधीच उचलून आणले आहेत. परवानगी मागितलेली नाही. मेमो काढायचा असेल तर मसुदा मी करून देईन.

अण्णा, तुम्ही आज इथं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. बरं केलंत. चोवीस वर्षं तुम्ही नावं वाचलीत, त्यांतलं एकही तुम्हाला नुसतं नाव वाटलं नाही. हे कसं जमतं, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत. मी विचारलंही नाही. वहिनी, त्यांना तिकडे कुणाची ना कुणाची चौकशी करायला लावा, नाहीतर त्यांना अन्न गोड लागणार नाही.

मला बोलायची संधी दिली, याबद्दल अध्यक्षांचे, व्यवस्थापनाचे आणि फिक्या चहाबद्दल झिपरूचे मी मनःपूर्वक आभार मानतो. बोलण्यात कुणाचा मान कमी झाला असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

एक गोष्ट राहिली, ती सांगून बसतो. दादासाहेब पंधरा दिवस देतील, असं मला वाटतं. घरं सापडतील, विचारत विचारत माणूस कुठंही पोचतो. काळजी मला त्याची नाही. सतरा दारांत उभं राहून तोंडानं सांगण्यापेक्षा सतरा पत्रं लिहिणं मला फार सोपं जातं. अण्णा, एखाद्या दारापर्यंत जाऊन मी मागं फिरेन आणि पुन्हा पत्रच लिहीन, अशी मला भीती वाटते.